स्लाइप्नर ‘ए’ची भिंत: बुडालेल्या प्लॅटफॉर्मचा हिशेब खुल्या सॉफ्टवेअरवर पुन्हा मांडताना

23 ऑगस्ट 1991. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर शहरालगतच्या गान्सफ्योर्डमध्ये स्लाइप्नर ‘ए’ या गॅस प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा तळ चाचणीसाठी पाण्यात उतरवत होते. तळातल्या पोकळ्यांमध्ये थोडं थोडं पाणी सोडायचं, तळ तेवढा खाली बसवायचा, आणि पुन्हा पाणी सोडायचं, असं काम चाललं होतं. एका भिंतीवर साधारण 65 मीटर पाण्याचा दाब आला तेव्हा मोठा आवाज झाला आणि पाणी आत घुसलं. पंपांना ते आवरेना. माणसं सुखरूप बाहेर काढली, तळ मात्र गेला. खाली जाताना बाकीच्या पोकळ्या दाबाने चिरडल्या, 220 मीटर खोलीवर नुसता ढिगारा उरला, आणि त्या धक्क्याची नोंद भूकंपमापकांवर 3.0 रिश्टर अशी झाली. एकूण नुकसान सुमारे 70 कोटी डॉलरचं.

फायनाइट एलिमेंट, म्हणजे रचनेचे छोटे तुकडे (एलिमेंट) करून संगणकावर तिचा हिशेब करण्याची पद्धत, शिकलेल्या बहुतेकांनी हे प्रकरण ऐकलेलं असतं, पण एका ओळीत. मेश (त्या तुकड्यांची जाळी) विरळ होती, शिअर (भिंतीला आडवं कापू पाहणारं बल) 47 टक्के कमी आला, प्लॅटफॉर्म बुडाला. ओळ खरी आहे, पण तिच्यातून धडा निघतो तो ‘मेश बारीक करा’ एवढाच, आणि तो पुरेसा नाही. ज्या आकड्यावर सगळं अडलं तो विरळ मेशमधूनही अचूक काढता येतो, आणि कागदावर तर पाच मिनिटांत निघतो. तो कुठून उचलला, कसा उचलला, आणि त्याच्या भरवशावर सळया किती लांब ठेवल्या, हा या प्रकरणाचा गाभा आहे. आज गीमश, कॅल्क्युलिक्स, कोड-अ‍ॅस्टर, ऊफेम यांसारखी खुली साधनं हाताशी असताना हा गाभा कोणत्याही कॉलेजच्या लॅबमध्ये, परवान्याचे पैसे न भरता, उलगडून पाहता येतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

रचना काय होती

आपल्याकडे मुंबई हायवरचे प्लॅटफॉर्म पोलादी जॅकेटवर, म्हणजे सांगाड्यावर, उभे आहेत. नॉर्वेने उत्तर समुद्रात वेगळी वाट धरली. समुद्रतळावर स्वतःच्या वजनानेच बसणारा काँक्रीटचा भला मोठा तळ बांधायचा, त्यातून काँक्रीटचेच खांब वर न्यायचे आणि त्यांच्या डोक्यावर डेक (कामाचा मजला) ठेवायचा. या पद्धतीला कॉनडीप म्हणतात. पहिला कॉनडीप, बेरिल ‘ए’, 1975 चा. स्लाइप्नर ‘ए’ हा त्याच घराण्यातला, 82 मीटर खोल पाण्यासाठी नॉर्वेजियन कॉन्ट्रॅक्टर्स या कंपनीने स्टॅटऑइलसाठी बांधलेला. म्हणजे हे लोक नवखे नव्हते आणि पद्धतही नवी नव्हती.

तळात 24 गोलाकार पोकळ्या एकमेकींना चिकटून होत्या, एकूण क्षेत्रफळ 16,000 चौरस मीटर. त्यांतल्या चार पोकळ्या पुढे वर वाढून डेकचे खांब होणार होत्या. तीन पोकळ्या एकत्र येतात तिथे मधे तिकोनी फट राहते. तिला ट्रायसेल म्हणतात. ही फट वरून उघडी असते, त्यामुळे तिच्यात समुद्राचं पाणी भरलेलं असतं आणि शेजारच्या पोकळ्या मात्र बऱ्याच अंशी रिकाम्या असतात. परिणामी ट्रायसेलच्या तिन्ही भिंती आतल्या पाण्याने बाहेरच्या बाजूला, म्हणजे पोकळ्यांच्या दिशेने, ढकलल्या जातात.

डेक बसवण्यासाठी तळ इतका खोल उतरवावा लागतो की खांबांची फक्त टोकं पाण्यावर राहावीत. समुद्रात कायमचा उभा राहिल्यावर सोसावा लागणार नाही इतका दाब या एका कामात सोसावा लागतो. अपघात याच कामाच्या तयारीत झाला. रचनेच्या आयुष्यातला सर्वांत अवघड दिवस बांधकामाच्या टप्प्यातच येतो, हे डिझाइन करणाऱ्याने पहिल्यांदा लक्षात घ्यावं असं माझं ठाम मत आहे. कायमच्या भारावरच सगळं ध्यान देण्याची सवय आपल्याकडच्या ऑफिसांतही आहे.

कागदावरचा हिशेब

ट्रायसेलची एक भिंत घ्या. जाडी 550 मिलीमीटर, दोन कोपऱ्यांमधला गाळा (अंतर) सुमारे 4.4 मीटर. एक मीटर उंचीची आडवी पट्टी कापली तर ती दोन्ही टोकांना जखडलेल्या तुळईसारखी वागते, आणि तिच्यावर पाण्याचा एकसमान भार असतो.

65 मीटर समुद्राच्या पाण्याचा दाब सुमारे 0.65 मेगापास्कल. गुणिले 4.4 मीटर, भागिले दोन. प्रत्येक टोकाला शिअर आला 1.43 मेगान्यूटन, दर मीटर उंचीमागे. 550 मिलीमीटर जाडीवर वाटला तर सरासरी 2.6 मेगापास्कल. रिंगा (शिअर घेणाऱ्या आडव्या सळया) नसलेल्या भिंतीचं काँक्रीट अक्षीय, म्हणजे भिंतीच्या लांबीच्या दिशेने येणाऱ्या, दाबाच्या मदतीशिवाय एवढा शिअर घेत नाही. साधारण 1 मेगापास्कलच्या आसपास किंवा त्याखालीच त्याची हद्द संपते. अक्षीय दाब धरला तर आकडे थोडे बदलतील, कोपऱ्याच्या आकाराने गाळा थोडा कमी-जास्त होईल. पण हा आकडा पाहिल्यावर अनुभवी माणूस पेन खाली ठेवून म्हणेल, ‘इथे रिंगा लागतील, आणि भरपूर लागतील.’

आता तोच शिअर 47 टक्के कमी धरा. 1.43 चे राहतात जेमतेम 0.76 मेगान्यूटन. सरासरी 1.4 मेगापास्कल. अक्षीय दाब जमेला धरला की हे ‘चालून जातं’ असं वाटू शकतं. पूर्ण रचनेचं निदान या दोन आकड्यांच्या मधे आहे.

कमी आकडा आला कुठून

संपूर्ण तळाचं विश्लेषण नॅस्ट्रान या प्रोग्रॅमवर, लवचिक गृहीतकाने, म्हणजे काँक्रीटला तडा जात नाही असं धरून, केलं होतं. एवढ्या मोठ्या रचनेत ट्रायसेलच्या भिंतीच्या वाट्याला फार थोडी एलिमेंटं आली. कोपऱ्याजवळची काही तिरकी, ओढल्यासारखी झाली. एलिमेंटच्या आत मिळालेल्या ताणांवरून भिंतीच्या टोकाचा शिअर काढायचा होता, म्हणून त्या थोड्या बिंदूंमधून एक वक्र ओढला आणि तो टोकापर्यंत वाढवला. एकसमान भाराखाली शिअर गाळ्याच्या मध्यापासून टोकाकडे सरळ रेषेत वाढत जातो, हे पदविकेच्या पहिल्या वर्षाचं ज्ञान. पण कोपऱ्याजवळच्या तिरक्या एलिमेंटमधला आकडा कमी निघाला, वक्राने त्याला मान दिला, आणि टोकापाशी वक्र वर चढण्याऐवजी वाकला. त्या वाकण्यात जवळपास निम्मा शिअर गेला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पद्धतीचं खरं मर्म इथे आहे. फायनाइट एलिमेंटमध्ये दोन प्रकारचे निकाल मिळतात आणि दोघांची विश्वासार्हता सारखी नसते. पहिला प्रकार नोडवरच्या, म्हणजे एलिमेंटं जिथे जोडली जातात त्या बिंदूंवरच्या, बलांचा. उत्तर ज्या समीकरणांतून येतं ती समीकरणंच नोडवरच्या समतोलाची असतात. त्यामुळे मेश कितीही ओबडधोबड असली तरी एकूण प्रतिक्रिया (आधारांनी दिलेलं उलटं बल) एकूण भाराएवढीच येणार. दुसरा प्रकार ताणांचा. ताण हे विस्थापनांच्या उतारावरून काढलेले असतात, एलिमेंटच्या आत काही ठरावीक बिंदूंवर ते चांगले असतात, आणि कडेला नेताना अंदाज मिसळतो. विरळ मेशचा फटका या दुसऱ्या प्रकाराला बसतो. स्लाइप्नरच्या डिझाइनमध्ये शिअर दुसऱ्या प्रकारातून घेतला. पहिल्या प्रकारातून घेतला असता तर त्याच मेशमधून जवळपास बरोबर आकडा हाती लागला असता. नॅस्ट्रानमध्येही नोडवरच्या बलांचा ताळेबंद छापण्याची सोय आहे. प्रोग्रॅमने चुकीचं गणित केलं नव्हतं.

हे प्रत्यक्ष करून पाहायला कॅल्क्युलिक्स फार सोयीचं आहे. म्युनिकच्या एमटीयू एरो इंजिन्समधल्या गिडो ढोंट आणि क्लाउस व्हिटिग यांनी हे लिहिलं. याची इनपुट फाइल अ‍ॅबॅकसच्या वळणाची असते, त्यामुळे उद्योगात गेलेल्या विद्यार्थ्याला ती परकी वाटत नाही. सममितीमुळे अर्धी भिंत पुरते: एक मीटर उंच, 2.2 मीटर लांब, एक टोक जखडलेलं, दुसऱ्या टोकाला सममितीची अट. मुद्दाम तीन-चारच ढोबळ एलिमेंटं घाला आणि कोपऱ्याजवळचं एक तिरकं करा. नंतर जखडलेल्या नोडच्या संचाची एकूण प्रतिक्रिया छापायला सांगा. ‘नोड प्रिंट’च्या आज्ञेत ‘टोटल्स’ लिहिलं की निकालाच्या डॅट फाइलमध्ये त्या संचाच्या नावासमोर तीन दिशांचं एकूण बल एका ओळीत येतं. ती ओळ 1.43 मेगान्यूटनच दाखवेल. आता ग्राफिक्स उघडून त्याच टोकाचे शिअर ताण पाहा, त्यांची जाडीवर बेरीज करा. दोन्ही जुळणार नाहीत. एलिमेंटं दुप्पट, चौपट करत जा. प्रतिक्रिया जागची हलणार नाही, ताणांची बेरीज हळूहळू तिच्या जवळ सरकत येईल.

खुल्या सॉफ्टवेअरचा खरा फायदा मला इथे दिसतो. इंटिग्रेशन बिंदूवरचा, म्हणजे एलिमेंटच्या आतल्या ठरावीक बिंदूवरचा, ताण नोडवर कसा नेला जातो, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडला तर कॅल्क्युलिक्सच्या सोर्समध्ये ‘एक्स्ट्रापोलेट’ नावाचीच फॉर्ट्रान फाइल आहे. ती उघडायची आणि वाचायची. कोणते गुणांक वापरले, शेजारच्या एलिमेंटांची सरासरी कुठे घेतली, सगळं समोर असतं. रंगीत चित्रातला लाल पट्टा हा मोजलेला ताण नसून आत मोजलेल्या ताणावरून बाहेर नेलेला अंदाज आहे, हे एकदा सोर्समध्ये पाहिलं की आयुष्यभर लक्षात राहतं. खुद्द नॅस्ट्रानचा जन्म 1960 च्या दशकात नासाच्या, म्हणजे सार्वजनिक, पैशातून झाला, आणि त्याच्या नॅस्ट्रान-95 या जुन्या आवृत्तीचा सोर्सही नासाने आता खुला केला आहे.

कोड-अ‍ॅस्टर फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीचं, 2001 पासून खुलं. पूर्ण तळासारख्या मॉडेलमध्ये भिंतीचं टोक जखडलेलं नसतं, तिथे प्रतिक्रिया मिळत नाही. अशा वेळी कोड-अ‍ॅस्टरमध्ये कापलेल्या छेदाच्या एका बाजूच्या एलिमेंटांची नोडवरची बलं मागवता येतात आणि त्यांची बेरीज म्हणजे छेदातलं बल. मोठ्या मॉडेलचं काम करणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी.

आखूड सळई

शिअर कमी धरला म्हणून भिंत कमजोर राहिली, हे अर्धं कारण. सिन्टेफ या नॉर्वेजियन संशोधन संस्थेच्या तपासात दुसरं कारण तितक्याच ठळकपणे पुढे आलं: सळयांचं अपुरं अँकरेज, म्हणजे काँक्रीटमधली पकड. ट्रायसेलच्या कोपऱ्यात काँक्रीट जाड होतं आणि तिथून आरपार टी-आकाराच्या डोक्याच्या सळया घातल्या होत्या. सळईच्या टोकाला पोलादी पट्टी जोडलेली असते, त्यामुळे हूक न वाकवता अँकरेज मिळतं. पण ही सळई तेव्हाच कामाची जेव्हा तिचं डोकं काँक्रीटच्या दाबाखालच्या भागात, संभाव्य तड्याच्या पलीकडे जाऊन बसतं. इथे सळया आखूड होत्या. तडा ट्रायसेलच्या कोपऱ्यातून सुरू झाला, तिरका भिंतीत शिरला आणि सळईच्या डोक्याला वळसा घालून निघून गेला. शिवाय तड्यात पाणी शिरलं. 65 मीटर खोलीचं पाणी तड्याच्या दोन्ही काठांना 0.65 मेगापास्कलने फाकवतं, म्हणजे तडा जितका वाढेल तितका भारही वाढतो.

लवचिक मॉडेल हे दाखवू शकत नाही. तडा कुठून जाईल आणि सळईला ओलांडेल की तिच्यावर अडेल, हे पाहायला काँक्रीट फुटण्याचं गणित लागतं.

काँक्रीट काचेसारखं एका क्षणात दुभंगत नाही. तडा उघडत असतानाही त्याच्या काठांवर काही काळ ओढ टिकून असते आणि ती हळूहळू शून्यावर येते. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या आर्ने हिलरबोर्ग यांनी 1976 मध्ये ही कल्पना फायनाइट एलिमेंटमध्ये बसवली. एक चौरस मीटर तडा पूर्ण उघडायला लागणारी ऊर्जा साध्या काँक्रीटसाठी 100 न्यूटन प्रति मीटरच्या आसपास असते. लवचिकता गुणांक 30 गिगापास्कल आणि ताणाची ताकद 3 मेगापास्कल धरली, तर गुणांक गुणिले ऊर्जा भागिले ताकदीचा वर्ग या सूत्राने एक लांबी मिळते: 0.33 मीटर. स्लाइप्नरची भिंत 0.55 मीटर जाड. दोन्ही लांबी एकाच मापाच्या. त्यामुळे ‘ताण ताकदीपेक्षा कमी आहे ना’ ही साधी तपासणी इथे पुरत नाही, आणि ग्रिफिथच्या 1921 च्या सिद्धांतावरचं निव्वळ ठिसूळ फ्रॅक्चरचं गणितही थेट लागू होत नाही. मधल्या पट्ट्यातली ही रचना आहे, आणि काँक्रीटच्या बहुतेक रचना याच पट्ट्यात येतात.

मेशचा मुद्दा इथे पुन्हा डोकं वर काढतो, यावेळी जास्त धोकादायक रूपात. तडा जाताना काँक्रीट मऊ होत जातं हे ताण-विकृतीच्या आलेखाने सांगितलं, तर तडा एका एलिमेंटच्या रुंदीत गोळा होतो. एलिमेंट लहान केलं की तडा उघडायला लागणारी ऊर्जाही लहान होते, आणि अतिबारीक मेशमध्ये भिंत जवळजवळ फुकटात फुटते. म्हणजे लवचिक मॉडेलमध्ये जी मेश बारीक केल्याने उत्तर सुधारतं, तीच इथे बारीक केल्याने बिघडते. यावर 1983 मध्ये बझांत आणि ओ यांनी सुचवलेला क्रॅक-बँडचा उपाय म्हणजे आलेखाचा उतार एलिमेंटच्या मापाप्रमाणे बदलायचा, जेणेकरून ऊर्जा कायम राहील. प्रागच्या झेक तांत्रिक विद्यापीठात बोर्झेक पात्झाक यांनी सुरू केलेल्या ऊफेममध्ये काँक्रीटची अशी मॉडेल्स तयार मिळतात. कोड-अ‍ॅस्टरमध्ये माझार यांचं डॅमेज मॉडेल (काँक्रीट कमकुवत होत जाण्याचं) आहे. फेनिक्स या आणखी एका खुल्या साधनात फेज-फील्ड पद्धतीचे (तडा रेषेऐवजी पसरट पट्टा मानणाऱ्या) नमुने सहज सापडतात, आणि तडा आपोआप वाट शोधताना पाहून विद्यार्थी हरखून जातात. पण त्यातलं मूळ ठिसूळ पदार्थाचं सूत्र सळया घातलेल्या जाड भिंतीवर तसंच लावू नये. त्यातली लांबीची संख्या पदार्थाच्या ताकदीशी बांधलेली असते. ती मनाला येईल तशी निवडली की चित्र देखणं येतं आणि भार चुकतो.

माझ्या मते या प्रकरणासाठी क्रम असा असावा. आधी कागद. मग कॅल्क्युलिक्सवर लवचिक मॉडेल आणि प्रतिक्रियेची ओळ. ती कागदाशी जुळली की ट्रायसेलच्या कोपऱ्याचा द्विमितीय छेद ऊफेममध्ये घ्यायचा, पाच सेंटीमीटरच्या आसपासची एलिमेंटं, सळया वेगळ्या ट्रस (फक्त ओढ-दाब घेणाऱ्या) एलिमेंटांनी, आणि तड्यातल्या पाण्याचा दाब धरून एकदा, न धरता एकदा. पाण्याचा दाब विसरला तर भिंत खऱ्यापेक्षा मजबूत दिसेल, म्हणून हा फरक डोळ्यांनी पाहायलाच हवा. नंतर फक्त टी-डोक्याच्या सळईची लांबी वाढवत जायचं, बाकी काहीही न बदलता. भाराचा आलेख कोणत्या लांबीला वर उचलला जातो, ते पाहणं हा या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

ताडून पाहायला प्रत्यक्षातला आकडा आहेच. अपघातानंतर काळजीपूर्वक केलेल्या फायनाइट एलिमेंट विश्लेषणात भिंत 62 मीटरवर फुटेल असं निघालं, आणि ती फुटली 65 मीटरवर. टोरांटो विद्यापीठातल्या मायकेल कॉलिन्स, फ्रँक व्हेक्चिओ आणि सहकाऱ्यांनीही 1997 मध्ये या भिंतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. काँक्रीटमधल्या शिअरची जी उपपत्ती त्यांनी 1986 मध्ये मांडली होती, तिच्यासाठी यापेक्षा मोठ्या मापाची चाचणी कोणत्याही प्रयोगशाळेत झाली नसती. पण विद्यार्थ्यांना मी एक बजावेन: 65 मिळेपर्यंत मॉडेलचे आकडे फिरवत बसू नका. फ्रॅक्चर ऊर्जा आणि ताकद आधी ठरवून लिहून ठेवा, मगच मॉडेल चालवा. उत्तर 55 आलं किंवा 75 आलं तरी ते तसंच नोंदवा आणि फरकाचं कारण शोधा. खऱ्या डिझाइनच्या वेळी ताडून पाहायला 65 हा आकडा कोणाजवळ नव्हता.

पुढे काय झालं

गॅस पुरवठ्याचे करार झालेले होते, त्यामुळे दुसरा तळ तातडीने हवा होता. नव्या संगणकीय विश्लेषणाची वाट पाहायला वेळ नव्हता. नॉर्वेजियन कॉन्ट्रॅक्टर्सने ठरवलं की भिंतींची जाडी आणि सळया हाताने हिशेब करून, संगणकापूर्वीच्या काळातल्या रीतीने नक्की करायच्या. पूर्ण रचनेच्या विश्लेषणाचे निकाल आले तेव्हा छेद आधीच ठरलेले होते, आणि त्या निकालांचं काम ठरलेलं डिझाइन तपासण्याचं राहिलं. नवा प्लॅटफॉर्म 1993 मध्ये समुद्रात बसला आणि त्याच वर्षी गॅस वाहू लागला. नॉर्वेजियन कॉन्ट्रॅक्टर्सने पुढे 303 मीटर खोल पाण्यासाठी 472 मीटर उंचीचा ट्रोल ‘ए’ही याच काँक्रीटच्या पद्धतीने उभा केला.

वर सुचवलेल्या द्विमितीय छेदाची हद्दही सांगायला हवी. ट्रायसेलची भिंत वर आणि खाली दुसऱ्या भागांना जोडलेली असते, त्यामुळे उंचीप्रमाणे भार वाटला जातो आणि टोकांजवळ भिंतीला मदत मिळते. तडा उभ्या दिशेने कसा पसरला हे एक मीटरच्या पट्टीत दिसणार नाही. त्यासाठी एक-षष्ठांश ट्रायसेलचं त्रिमितीय मॉडेल लागेल. सममितीमुळे ते लॅबमधल्या साध्या संगणकावरही झेपेल. पण ते घेण्याआधी पट्टीच्या मॉडेलची डॅट फाइल उघडून एकूण बलाची ओळ कागदाशी जुळते आहे का, ते पाहून घ्यावं.